राणीचे बोधचिन्ह

द्वितीय वर्ष, कला

कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी पनवेलमधल्या एका फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. वाढदिवस, दहीहंडी, बारसे आणि दशक्रिया, सगळ्यांचे बॅनर आमच्याकडे एकाच संगणकावर तयार होतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवतात. पुस्तकांचा आणि पासाचा खर्च या दुकानातून निघतो. ज्या माणसाचे चरित्र मी येथे सांगणार आहे, तोही मला या दुकानातच भेटला.

मागच्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक धुऊन धुऊन विटलेला एक टी-शर्ट घेऊन आले. त्यावरचे चिन्ह नव्याने काढून हवे होते. मधोमध इंग्रजी क्यू हे अक्षर, त्याच्या पोटात मुकुट, दोन्ही बाजूंना अक्षराला धरून उभे असलेले दोन सिंह, माथ्यावर खेकडा, खाली दोन नाजूक पऱ्या आणि या सगळ्यांवर पंख पसरून बसलेला एक भला मोठा पक्षी. मला वाटले, एखाद्या जुन्या संस्थानची राजमुद्रा असावी. दोन रात्री बसून मी ते रेघेरेघेने उतरवले. काम करताना एक गोष्ट मात्र लक्षात आली. ज्याने हे काढले त्याचा हात शिकलेला होता. इतकी गर्दी असूनही चित्र कुठे कोसळत नाही. गिऱ्हाईक चिन्ह न्यायला आले तेव्हा कळले, की ही क्वीन नावाच्या इंग्रजी गायकवृंदाची खूण, आणि ती काढणारा होता त्यांचाच गायक फ्रेडी मर्क्युरी. घरी जाऊन शोध घेतला तर दुसराच धक्का बसला. हा साहेब नव्हताच. हा फरोख बलसारा नावाचा पारशी मुलगा, आणि शाळा शिकला तो आपल्या पाचगणीत!

मग मिळेल ते वाचत गेलो. एका ज्येष्ठांनी सल्ला दिला, की गाण्यांवर लिही, बाकीचे वगळ. प्रयत्न केला. जमले नाही, कारण बाकीचे वगळले तर चिन्हातला अर्धा भाग उरतच नाही.

फरोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार बेटावर झाला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचे हे बेट लवंगांसाठी प्रसिद्ध. तेव्हा तिथे सुलतान होता आणि त्याच्यावर इंग्रजांचा अंमल. वडील बोमी सरकारी कचेरीत रोखपाल होते, आईचे नाव जेर. मूळ घराणे गुजरातचे, बलसारचे (म्हणजे आजच्या वलसाडचे), म्हणून आडनाव बलसारा. इराणातून गुजरातेत, गुजरातेतून आफ्रिकेत असे हे कुळ समुद्र ओलांडतच आलेले. घर टापटिपीचे, धर्म पाळणारे. फरोखची नवजोत रीतीप्रमाणे झाली.

आठ वर्षांचा असताना त्याला बोटीत बसवून मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवले. आई-वडील समुद्रापलीकडे. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे जायचे. एवढ्या लहान वयात हे पोराने कसे सोसले असेल, याचा मी विचार करतो. मी पहिल्यांदा घरापासून लांब राहिलो तो एन. एस. एस. च्या शिबिरात, सात दिवस, आणि तिसऱ्या रात्री मला आईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आठवण येऊन झोप लागली नव्हती.

शाळेत त्याला मुले बकी म्हणत, कारण त्याचे वरचे दात पुढे होते. जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे ढकलले गेले. पुढे जगातला नामांकित गायक झाल्यावरही हसताना ओठ किंवा हात दातांवर नेण्याची त्याची सवय गेली नाही. पैसा असूनही त्याने ते दात काढले नाहीत, आवाज बदलेल या भीतीने. फ्रेडी हे नाव त्याला इथेच पडले. इथेच तो पियानो शिकला, प्रार्थनागीतांच्या वृंदात गायला, टेबल टेनिस खेळला, मुष्टियुद्धही खेळला. बारा वर्षांचा असताना चार मित्रांबरोबर त्याने द हेक्टिक्स नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात तो पुढे उभा राहून गात नव्हता, मागे पियानो वाजवत होता.

त्याचे एक बालपणीचे पोस्टाच्या तिकिटांचे पुस्तक राहिले आहे. ते आता लंडनच्या पोस्टाच्या संग्रहालयात आहे. वडिलांनाही तिकिटांचा छंद होता. पण मुलाची तऱ्हा वेगळी. काळ्या पानांवर त्याने तिकिटे रंग आणि आकार पाहून मांडली आहेत, डावीकडे तशी उजवीकडे. त्या पानांची छायाचित्रे पाहिली आणि मला टी-शर्टवरचे दोन सिंह आठवले. माझ्या मते त्या चिन्हाची सुरुवात इथे आहे.

मागच्या वर्षी आमच्या विभागाची सहल भिलारला, पुस्तकांच्या गावाला गेली. पनवेलहून महाड, पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि पुढे पाचगणी. तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. टेबललँडवर घोड्यांच्या धुळीत आम्ही मक्याची कणसे खाल्ली आणि परतलो. आज वाटते, खाली उतरताना निदान गाडी थांबवायला सांगितली असती.

१९६३ साली फरोख झांजिबारला परतला. त्याच वर्षी डिसेंबरात बेट स्वतंत्र झाले आणि १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला. हजारो अरब आणि हिंदी लोक मारले गेले. बलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला निघाले. लंडनच्या पश्चिमेला फेल्टहॅम नावाचे उपनगर आहे, हीथ्रो विमानतळाला लागून. तिथे एका लहानशा घरात त्यांनी नवा संसार मांडला. फरोख तेव्हा सतरा वर्षांचा होता. सुट्टीत तो त्याच विमानतळावर सामान उचलण्याचे काम करी. हा तपशील वाचताना मी थबकलो. आमच्या तालुक्यात नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावांनी जागा सोडली. आता त्याच विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या नोकरीसाठी आमच्या आळीतली मुले अर्ज भरत असतात.

१९६६ ते १९६९ या काळात फरोख ईलिंगच्या कला महाविद्यालयात रेखांकन आणि जाहिरातकला शिकला. पदविका घेतली. म्हणजे शिक्षणाने तो माझ्या दुकानातल्या धंद्याचा माणूस! गाणे त्याने कुठल्या वर्गात शिकले नाही, चित्र मात्र शिकला. चरित्रे वाचताना हे सर्वांनी एका ओळीत उरकलेले दिसते. मला तीच त्याच्या आयुष्याची किल्ली वाटते.

शिक्षण झाल्यावर केन्सिंग्टन बाजारात त्याने आणि रॉजर टेलर या मित्राने जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. त्यांच्याकडे आजोबांच्या काळातले मखमली कोट, पिसांचे गळपट्टे, झालरी असा माल असे. तिथे तो स्वतःच नमुना होऊन उभा राही. नखाला काळा रंग, डोळ्यांत काजळ, लांब केस. १९७० साली तो रॉजर आणि ब्रायन मे यांच्या वृंदात सामील झाला आणि वृंदाचे नाव त्याने क्वीन ठेवले, म्हणजे राणी. राजघराण्याचा थाट तर त्या शब्दात आहेच. पण इंग्रजी बोलीत बायकी वागणाऱ्या पुरुषाला हिणवायलाही हाच शब्द वापरत. दोन्ही अर्थ त्याला माहीत होते. शिवीचा मुकुट करून त्याने तो अक्षराच्या पोटात बसवला, असे मी समजतो.

१९७१ साली जॉन डीकन आला आणि चौघे पूर्ण झाले. तेव्हाचे ते बोधचिन्ह म्हणजे चौघांच्या राशी. रॉजर आणि जॉन सिंहेचे, म्हणून दोन सिंह. ब्रायन कर्केचा, म्हणून खेकडा. स्वतः फरोख कन्येचा. कन्या दाखवायची तर साधी मुलगी काढता आली असती, पण त्याने दोन पऱ्या काढल्या, आणि परी या शब्दाचीही इंग्रजीत तीच गत आहे, तोही असल्या पुरुषांना चिडवायला वापरतात. दोन सिंहांच्या पायांशी, त्यांच्या आश्रयाला बसवल्यासारख्या त्या पऱ्या आहेत. याच सुमारास त्याने आडनावही बदलले. बलसाराचा मर्क्युरी झाला, म्हणजे बुध. माझ्या आजीला पंचांग पाठ आहे. तिला विचारले तर तिने लगेच सांगितले, की कन्येचा स्वामी बुधच. आपल्या ज्योतिषात बुध हा ना पुरुष ना स्त्री असा ग्रह, आणि पुराणात त्याची पत्नी इला, जी एक महिना पुरुष आणि एक महिना स्त्री. फरोखला यातले काही माहीत असेल असा माझा दावा नाही. योगायोगच म्हणायचा. पण सांगितल्यावाचून राहवेना.

वरच्या पक्ष्याबद्दल मात्र बोललेच पाहिजे. तो फिनिक्स, राखेतून उठणारा. परंतु पारशी अग्यारीच्या दारावर पंख पसरलेली फरोहरची आकृती असते, ती ज्याने लहानपणापासून पाहिली त्याच्या हातून हे पंख आले असतील, असे माझे मन सांगते. पुरावा नाही. जन्मगाव, जुने नाव, आपण हिंदी आहोत हे, सगळ्यांबद्दल तो मुलाखतींत फार कमी बोलला. काळ्या-सावळ्या माणसाला लंडनात कशी वागणूक मिळे हे आठवले की त्याला दोष द्यावासा वाटत नाही. आमच्यातली मुलेही मुंबईला मुलाखतीला गेली की आपली आगरी बोली घरी ठेवून जातात.

पुढची हकीकत जगाला ठाऊक आहे, म्हणून झरझर सांगतो. पहिली तबकडी १९७३ साली. १९७५ साली त्याने लिहिलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. त्या गाण्यासाठी केलेली चित्रफीत पुढच्या सगळ्या गाण्यांच्या चित्रफितींची आजी मानली जाते. वेशभूषा झँड्रा ऱ्होड्स या बाईंनी केली होती तेव्हाचा तो पांढरा, चुण्यांचा, पंखांसारखा उघडणारा अंगरखा पाहावा. हात वर केले की गायक नाहीसा होतो आणि चिन्हातला पक्षीच उभा राहतो.

मेरी ऑस्टिन नावाच्या मुलीबरोबर तो सहा-सात वर्षे राहिला. १९७६ च्या सुमारास त्याने तिला आपल्या मनाचा ओढा पुरुषांकडे असल्याचे सांगितले. संसार संपला, मैत्री शेवटपर्यंत राहिली आणि मरताना घर त्याने तिलाच दिले. १९८५ पासून जिम हटन हा आयरिश केशकर्तनकार त्याचा जोडीदार होता. बाहेरच्यांना सांगताना तो बागेची देखभाल करणारा. फरोख ज्या तीन ठिकाणी वाढला, म्हणजे झांजिबार, हिंदुस्थान आणि इंग्लंड, तिथे त्याच्या लहानपणी असे प्रेम गुन्हा होते. इंग्लंडने १९६७ साली कायदा सैल केला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी. मुलाखतीत त्याला आडून आडून विचारत, तो थट्टेत उडवून लावी. आई-वडील धार्मिक होते, त्यांच्याशीही तो या विषयावर उघडपणे बोलला नाही.

पण चित्रात बोलला. १९८० साली त्याने केस बारीक केले आणि मिशा ठेवल्या. आपल्याला मिशी म्हणजे मर्दानगी वाटते. पण त्या काळी न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर समलिंगी पुरुष एकमेकांना ओळखत ते नेमक्या अशाच रूपावरून: आखूड केस, जाड मिशी, घट्ट बनियन, जीन. ज्यांना कळायचे त्यांना कळले. ज्यांना रुचले नाही त्यांनी अमेरिकेत मंचावर दाढीची पाती फेकली.

१९८४ साली ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ या गाण्याच्या चित्रफितीत चौघे बायकांच्या वेषात आले. इंग्लंडमधल्या एका घरगुती मालिकेची ती नक्कल होती. फ्रेडी मिशी तशीच ठेवून, टोप आणि आखूड चामडी झगा घालून, घर झाडण्याचे यंत्र फिरवतो. इंग्लंड पोट धरून हसले, कारण तिथे पुरुषाने बाईचे सोंग घेणे हा जुना विनोद. अमेरिकेला ते पटले नाही, तिथल्या दूरचित्रवाणीने ते दाखवायचे टाळले. त्याच फितीच्या मधल्या भागात त्याने मिशी काढली आहे आणि निजिन्स्की या नर्तकाच्या १९१२ सालच्या एका नृत्यनाट्यातल्या वनदेवासारखा वेष घेतला आहे. तो विनोद नाही. विनोदाच्या पदराखाली त्याने ती गोष्ट घरोघरी नेली.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. बालगंधर्वांनी नेसलेल्या लुगड्याची आणि माळलेल्या गजऱ्याची नक्कल घरंदाज बायका करत. उलट तमाशापटांत गणपत पाटलांनी नाच्या इतका हुबेहूब रंगवला, की बायकामुलांचा हा माणूस रस्त्यात चेष्टेचा विषय झाला. मंचावर डोक्यावर घ्यायचे आणि खाली उतरला की टाळ्या वाजवून चिडवायचे, ही आपलीही रीत.

मला हे ठाऊक आहे, कारण माझा एक आतेभाऊ पेणला गणपतीच्या कारखान्यात आहे. त्याला आम्ही दादा म्हणतो. कारखान्यात डोळ्यांची आखणी तो करतो. हे काम सगळ्यांना देत नाहीत, हात एकदा चुकला तर मूर्ती वाया. पेणचे गणपती बोटीने अमेरिकेला, इंग्लंडला जातात, म्हणजे दादाने काढलेले डोळे लंडनच्या कुठल्यातरी मराठी घरात दीड दिवस उघडे असतात. पूर्वी गावच्या नाटकात दादा स्त्रीभूमिका करायचा. त्याची साडी बायका येऊन पाहत. पस्तिशी उलटली, लग्न केले नाही. लग्नकार्यात दादा आला की मागून टाळी वाजते. लहान असताना मीही वाजवली आहे. एकदा त्याने वळून पाहिले होते.

फरोखचा कळसाचा दिवस १३ जुलै १९८५. दुष्काळग्रस्त इथिओपियाच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेला कार्यक्रम. पांढरे बनियन, जीन, दंडावर पट्टा, एवढाच पोशाख. एकवीस मिनिटांत त्याने सत्तर हजारांवर माणसे एका हाताच्या खुणेने उठवली-बसवली. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात तो मुकुट आणि झगा घालून निरोप घेई, बोधचिन्हातला मुकुट अखेर डोक्यावर आला. ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थ येथे झालेला कार्यक्रम क्वीनबरोबरचा त्याचा शेवटचा ठरला.

१९८७ साली त्याला एड्स असल्याचे निदान झाले. तेव्हा औषध नव्हतेच म्हटले तरी चालेल. वर्तमानपत्रांचे लोक घराबाहेर ठाण मांडून बसत, तो किती वाळला याची छायाचित्रे छापत. ज्याने आयुष्यभर स्वतःचे चित्र स्वतः काढले, त्याचे चित्र आता दुसरे काढू लागले. तरी तो शेवटपर्यंत गात राहिला, अखेरच्या फितींत चेहऱ्यावर रंगाचे जाड थर देऊन उभा राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी अवेस्तातील प्रार्थना म्हणून केला. जगाने मर्क्युरीला निरोप दिला, आई-वडिलांनी फरोखला.

त्याच्या मित्रांनी १९९२ साली एड्सविरुद्ध कामासाठी संस्था काढली, तिच्या नावात फिनिक्स आहे. फेल्टहॅमच्या घरावर २०१६ साली निळी पाटी लागली. झांजिबारमध्ये मात्र २००६ साली त्याच्या साठाव्या जयंतीचा जाहीर सोहळा धार्मिक विरोधामुळे रद्द करावा लागला. २०१९ साली तिथे त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. पाहायला जगभरातून लोक येतात.

गणपतीच्या आधी, कामाची घाई असताना मी पेणला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर दादाला ती मिशीवाली फीत दाखवली. त्याने ती दोनदा पाहिली. हसला नाही. टोप नीट बसलेला नाही, एवढेच म्हणाला. मग मी त्याला चिन्ह दाखवले, प्रत्येक प्राणी कोण ते सांगितले. पऱ्यांवर त्याने बोट ठेवले आणि हे त्याने स्वतः काढले का, असे विचारले. मी हो म्हटले. बराच वेळ तो पडदा मोठा-लहान करून रेघा पाहत होता.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्याला फोनवरून वाचून दाखवला. त्याच्याबद्दलचे एक वाक्य त्याने गाळायला सांगितले, ते गाळले आहे. टाळीचे मात्र राहू दे म्हणाला.